थांबायला लागलेला नवरा

लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसत आले आहे. गाड्या बदलल्या, गिअर गेले, किकच्या जागी बटण आलं, ह्यांचे केस विरळ झाले आणि मला मागची सीट अपुरी पडायला लागली. बदललं नाही ते एकच. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी महापालिकेने ‘थांबा’ची लाल पाटी लावली आहे, तिथे हे कधीही थांबले नाहीत. थांबायचं कशाला, एवढाच ह्यांचा प्रश्न असे. गल्ली आपली, पुढचा रस्ता आपला, त्या रस्त्यावर कुठल्या वेळी कोण कुठून येतं ते आपल्याला पाठ. मग मध्ये महापालिकेने बोलायचं कारण काय? पाटी लावायला माणसं आली होती तेव्हा हे खाली उतरले होते. मला वाटलं, विरोध करायला गेले. हे फक्त म्हणाले की खांब जरा आत घ्या, वळताना आरसा लागेल.

त्या पाटीला गल्लीत कोणीच मान दिला नाही. आता तिच्यावर घरगुती मेसचं आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं स्टिकर आहे, आणि ‘थांबा’मधला फक्त शेवटचा ‘बा’ दिसतो. ह्यांच्या मते पुण्यातले सिग्नल आणि पाट्या दोन प्रकारच्या. काही गरजेच्या, बाकीच्या ठेकेदाराच्या. गरजेच्या कोणत्या ते हे ठरवणार. मी मागे बसून कुरकुर केली की म्हणायचे, “तू घाबरू नकोस, मी दोन्हीकडे बघतो आहे.” आणि खरोखरच बघत असायचे. ह्यांची नजर घारीची होती. म्हणून मी कुरकुर करायची, पण उतरायची नाही.

ह्याच माणसाला खडकीत बघावं. ह्यांचं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. माझे सासरे दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. नणंद अजून खडकीतच राहते, त्यामुळे आमचं जाणंयेणं असतं. खडकीच्या अलीकडची वाकडेवाडी आली की हे गाडी कडेला घेणार, डिकीतून हेल्मेट काढून चढवणार आणि तिथून पुढे दुसराच माणूस गाडी चालवणार. लष्कराच्या हद्दीत रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी पांढऱ्या पट्टीच्या आत गाडी उभी करायची, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. फाटकाशी हेल्मेट काढून पहारेकऱ्याला तोंड दाखवायचं, मगच पुढे. मी एकदा विचारलं की इथल्या पाटीत आणि आपल्या पाटीत फरक काय. हे म्हणाले, “तिथली पाटी बंदुकीसकट असते.” परत येताना वाकडेवाडीला हेल्मेट डिकीत जायचं आणि आमचे हे पुन्हा पुणेकर व्हायचे.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की पुढे मला जी भीती वाटली ती ह्याशिवाय कोणाला कळायची नाही. आज हसत सांगते आहे, पण तेव्हा माझ्या पाचावर धारण बसली होती.

मागच्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावरची गोष्ट. आम्ही सकाळी मंडईत निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि गाडी थांबली. माझं नाक ह्यांच्या पाठीवर आपटलं. मला वाटलं पेट्रोल संपलं. पण इंजिन चालू होतं. ह्यांनी दोन्ही पाय खाली टेकवले होते, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. मागून एका विद्यार्थ्याने हॉर्न वाजवला आणि बाजूने जाताना विचारलं की काका, हिरवा व्हायची वाट बघताय का. त्याला काही उत्तर न देता हे सावकाश निघाले. ह्यांनी उत्तर दिलं नाही, हेही मला खटकलं.

एकदा झालं असतं तर मी विसरले असते. पण दुसऱ्या दिवशीही थांबले, त्यानंतरही थांबले. मी चेष्टा करून बघितली, वयाबरोबर अक्कल आली वाटतं म्हटलं. हे नुसतं हं म्हणाले. मग एका सकाळी बँकेत जायला निघताना ह्यांनी जिन्याखालीच डिकी उघडली आणि हेल्मेट डोक्यात घातलं. सदाशिव पेठेत. घरापासून बँक चालत जाण्याइतकी जवळ. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, लांब निघालात का. मी हो म्हणून टाकलं. आणि पाटीपाशी आल्यावर गाडी थांबली, पाय टेकले, ह्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं, तोंड वर करून इकडे तिकडे पाहिलं, हेल्मेट पुन्हा घातलं आणि गाडी काढली.

हे खडकीच्या फाटकावर करतात तेच, जसंच्या तसं, इथे करत होते. समोर फाटक नव्हतं, पहारेकरी नव्हता. ह्यांना आपण कुठे आहोत ते कळत होतं की नाही?

माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, असंच रस्त्यांपासून सुरू झालं होतं. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती आणि एक दिवस ते पहाटे उठून, रिकामा डबा घेऊन, पहिल्या पाळीला कारखान्यात निघाले. फाटकावरच्या माणसाने ओळखून घरी आणून सोडलं. त्यानंतर एकेक रस्ता त्यांच्या डोक्यातून पुसत गेला, मग घरातल्या खोल्या, मग माणसं. माणसांमध्ये सगळ्यात आधी त्यांना ओळखू येईनासा झाला तो त्यांचा मुलगा. हे रोज खडकीला जाऊन त्यांची दाढी करायचे, भांग पाडून द्यायचे, आणि अण्णा ह्यांना साहेब म्हणायचे. घरी परत आल्यावर हे त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. मी ते सगळं जवळून पाहिलं आहे. म्हणून पाटीपाशी थांबलेल्या नवऱ्याच्या पाठीमागे बसून मला रडू येत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही.

मी लेकीला फोन केला. ती बाणेरला राहते, कंपनीतून सुटायला तिला अंधार होतो. सगळं ऐकून ती म्हणाली, “आई, सीरियसली? बाबा रूल्स फॉलो करतायत आणि तुला टेन्शन आलंय?” तिला आजोबांचे ते दिवस नीट आठवत नाहीत, लहान होती. मी विषय बदलला. नणंदेला सांगावं तर ती आधी रडणार आणि मग मलाच धीर द्यावा लागणार. गल्लीत सांगायची तर सोयच नव्हती. नवरा स्टॉपच्या पाटीला थांबतो हे दुःख कोणाला सांगणार?

मग मी ह्यांची परीक्षा घ्यायला लागले. भाजी निवडताना सहज विचारल्यासारखं करायची, आपण अमक्याच्या लग्नाला कुठल्या गावी गेलो होतो हो? हे गाव सांगायचे, कार्यालय सांगायचे, पंगतीतली जिलबी कच्ची होती तेही सांगायचे. आज वार कोणता विचारलं तर म्हणाले, “मंगळवार. का, उपास मोडलास का?” डोकं तर तल्लख होतं. पण अण्णांचंही जुनं सगळं ठणठणीत होतं, नवं तेवढं टिकत नव्हतं. बरोबर उत्तर आलं की मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि दुपारी मी पुन्हा नवा प्रश्न शोधायला लागायची. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे गप्प झाले होते. पेपर वाचताना संपादकांची जी रोजची खरडपट्टी व्हायची ती बंद झाली होती. पेपर तसाच घडी न मोडता पडलेला असायचा.

शेवटी मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हटलं, माझं ब्लडप्रेशर दाखवायला जाऊ, तुम्हीही दाखवून घ्या. एरवी ह्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे आठवडाभर भांडण. ह्या खेपेला हे लगेच म्हणाले, चल. त्या ‘चल’ने मी जास्तच घाबरले.

आमचे डॉक्टर नारायण पेठेतले, जुने, तोंडाने फटकळ. दवाखान्यासमोरच्या एकेरी रस्त्यावरून ते स्वतः रोज उलट्या बाजूने येतात. त्यांनी माझ्या दंडावरचा पट्टा सोडला, ब्लडप्रेशर ठीक आहे म्हणाले, आणि आता खरं काय ते सांगा म्हणाले. ह्यांच्यासमोर कसं सांगायचं ते मी ठरवून गेले होते, पण ठरवलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

“डॉक्टर, हे थांबायला लागलेत.”

“कुठे?”

“गल्लीच्या तोंडाशी. पाटीपाशी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “समोरून कोणी येत असेल.”

“नाही. रस्ता मोकळा असताना.”

त्यांनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. “कधीपासून?”

मी दिवाळीनंतर म्हणून सांगितलं. हेल्मेटचंही सांगितलं. “पेठेत?” एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. दुसऱ्या कुठल्या गावात मला वेड्यात काढून परत पाठवलं असतं. आमच्या डॉक्टरांनी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. ह्यासाठी डॉक्टर आपल्याच पेठांमधला असावा.

मग त्यांनी ह्यांना बरंच काही विचारलं. आज काय जेवलात, पंतप्रधान कोण, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत म्हणायला लावले. शंभरातून सात वजा करत खाली या म्हणाले, तर हे इतक्या भराभर उतरले की डॉक्टरच मध्ये कुठेतरी हरवले आणि बरं बरं म्हणून त्यांनी तो प्रकार आवरता घेतला. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून ते काय आहे म्हणून विचारलं.

“कॅलेंडर,” हे म्हणाले.

“महिना कुठला लावलाय?”

“डिसेंबर.”

“वाचून सांगताय की डिसेंबर चालू आहे म्हणून सांगताय?”

ह्यांनी डोळे बारीक केले. मी कॅलेंडरकडे बघितलं. डॉक्टरांनी नोव्हेंबरचं पान अजून फाडलं नव्हतं, आणि ते अक्षर मला चष्म्याशिवायही दिसत होतं.

डॉक्टरांनी बॅटरी घेतली, ह्यांची हनुवटी वर केली, एका डोळ्यात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं, आणि खुर्चीत बसून म्हणाले, “मोतीबिंदू. दोन्हीकडे आहे, डावीकडे चांगलाच पिकलाय. डोकं शाबूत आहे हो तुमच्या नवऱ्याचं. त्यांना दिसत नाहीये.”

माझा जीव भांड्यात पडला, असं नुसतं म्हणून भागणार नाही. मी हसायलाच लागले. तोंडावर पदर धरला तरी हसू थांबेना, आणि त्यातच डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदूचं नाव ऐकून पेढे वाटायच्या बेतात असलेली बाई ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली आणि तोवर गाडीची किल्ली माझ्याकडे ठेवायला सांगितली. मी ती त्यांच्यासमोरच ह्यांच्या खिशातून काढून घेतली.

दवाखान्याचा जिना उतरता उतरता माझं हसू गेलं आणि संताप आला. सुटकेनंतर माणसाला राग येतो तो फार वाईट असतो. दिसत नाही आणि गाडी चालवताय? मला मागे बसवून? डावीकडून एखादी बस आली असती तर? बोलायला काय झालं होतं? इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणायचं, अगं मला नीट दिसत नाही. जिन्यावरून जाणारे येणारे भिंतीला चिकटून वाट देत होते. एरवी हे मला एवढं बोलू देत नाहीत. ह्या वेळी हे सगळ्यात खालच्या पायरीवर बसले आणि माझं संपेपर्यंत ऐकत राहिले.

मग एकेक उलगडत गेलं. उन्हात समोरचं सगळं पांढरं व्हायचं, म्हणून काळ्या काचेचं हेल्मेट. ती काच जुनी, वर केली तरी आपोआप खाली येणारी, म्हणून पाटीपाशी आख्खं हेल्मेट काढायचं. डावीकडची गाडी अगदी अंगावर येईपर्यंत कळायची नाही, म्हणून पाय टेकून आधी आवाज ऐकायचा, मग निघायचं. इतकी वर्षं जी पाटी विनाकारण लावली म्हणून हिणवली, तिचं कारण ह्यांना सापडलं होतं, पण सांगण्याची सोय नव्हती.

“मग डॉक्टरकडे का नाही गेलात?” मी विचारलं.

ह्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, “दिवाळीत एक दिवस आपली पोरगी कोपऱ्यावर उभी होती. तिने हात केला. मी बघितलं आणि पुढे गेलो. घरी आल्यावर ती म्हणाली, बाबा, ओळख दाखवली नाहीत.”

मला तो दिवस आठवत होता. आम्ही सगळे हसलो होतो.

“मला ती कोण ते कळलं नव्हतं. मला वाटलं, नुसते डोळे नाहीत, अण्णांचं झालं तसं माझं सुरू झालं आणि डॉक्टर तेच सांगतील. त्यांना पण आधी मीच ओळखू आलो नाही.”

म्हणजे एकाच घरात, एकाच ताटातली भाजी निवडत, आम्ही दोघं एकच भीती घेऊन बसलो होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी ह्यांच्या शेजारी पायरीवर बसले. भर रस्त्यात ह्यांचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही, पण धरला. हे हात सोडवून न घेता म्हणाले की लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत, तुम्हाला कुठे दिसतायत. त्यावर हे हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

ऑपरेशन डाव्या डोळ्याचं आधी झालं. तेवढ्यासाठी मी देवाला किती सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात सकाळी गेलो ते जेवायला घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि तू एवढी बारीक कधी झालीस म्हणाले. काळजीने, असं मी सांगणार होते, पण नाही सांगितलं. घरी येऊन स्वयंपाकघराला रंग काढायला झालाय, पंख्यावर धूळ आहे, असली शेरेबाजी सुरू झाली. पेपरची घडी मोडली. संपादकांचे नेहमीप्रमाणे वाभाडे काढायला लागले. मला ती शिवीगाळ ऐकत चहा करताना इतकं बरं वाटत होतं की मी चहात दोनदा साखर घातली.

गाडी चालवायला मात्र अजून परवानगी नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून मागे बसायला चालेल म्हटल्यावर मी किल्ली काढली. नोकरीत असताना मी चालवत असे, मग सुटलं ते सुटलंच. हे मागे बसले. ह्या माणसाला मागे बसता येत नाही हे मला तेव्हा कळलं. रिकाम्या हवेत ब्रेक दाबत होते, माझ्या खांद्यावरून वाकून पुढे बघत होते, आरसा नीट नाही म्हणत होते. शनिवारची संध्याकाळ होती, ऊन कलतं होतं. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली आणि दोन्ही पाय टेकवले. मला दोन्हीकडचं दिसत होतं, पण गेले काही आठवडे ज्या भीतीत काढले त्यानंतर मला त्या पाटीवरून तसंच पुढे जाववेना.

“निघ की,” हे मागून म्हणाले. “डावीकडे कोणी नाही. उजवीकडून एक सायकल येतेय, ती लांब आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि त्या डेअरीच्या पलीकडून आपली पोरगी येतेय चालत. आज लवकर सुटलेली दिसते. केस कापलेत तिने.”

मी बघितलं. रस्त्याच्या पार टोकाला गर्दीत कोणीतरी पिवळ्या कपड्यांतलं चालत येत होतं, माझ्यासाठी तो नुसता एक ठिपका होता. डोळे भरून आले होते म्हणून असेल. मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, हॉर्न वाजायला लागले, कोणीतरी बाई चालवतेय म्हणून कुरकुरलं, आणि हे माझ्या पाठीवर टकटक करत विनाकारण काय थांबलीस, विनाकारण काय थांबलीस म्हणत राहिले. तो ठिपका आमची मुलगी होईपर्यंत मी गाडी हलवली नाही.